आरोपाचे वाङ्मय

(१)

वाङ्मयप्रकारांची मोजदाद करताना आपले टीकाकार काव्य, नाटक, कादंबरी, लघुकथा, निबंध आणि फार झाले तर चरित्र व पत्रे येथपर्यंत येऊन थांबतात. आरोपपत्र, जाहीर निवेदन, चौकशीचा अहवाल, न्यायाधीशाचे निकालपत्र यांस वाङ्मयाच्या पंक्तीला बसविण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. ते काम वकिलांचे आणि वृत्तपत्रांचे, अशी आपली समजूत आहे. तथापि युद्धात निरपराध माणसांचा संहार करणाऱ्यांस न्यायासनापुढे उभे करा, अशी हाक जेव्हा एखादा समाज देतो, तेव्हा ती हाक शब्दांतूनच द्यावी लागते. आणि शब्द आले की त्यांचा अर्थ, प्रमाण, प्रामाणिकपणा आणि परिणाम यांचा विचार करणे हे टीकाकाराचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात अशा काही लेखनकृतींचे परीक्षण करण्याचा मानस आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक लहानसा प्रसंग कारण झाला. आमच्या श्रीरामपुरासारख्या तालुक्याच्या गावी जगाचे वारे उशिरा पोचतात, पण पोचतात. १७ मार्च २०२३ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने रशियाच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध आणि २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्ध अटकेचे हुकूम काढले, हे येथील विद्यार्थ्यांनीही वाचले होते. पुढे एके दिवशी माझे दोन माजी विद्यार्थी एक निवेदन घेऊन घरी आले. गाझातील संहाराबद्दल इस्रायलच्या पुढाऱ्यांवर खटला चालावा आणि आपल्या सरकारने त्यास पाठिंबा द्यावा, अशी त्यात मागणी होती. मी निवेदन वाचले, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केले आणि म्हणालो, "यात एकाच बाजूचे नाव आहे. दोन्ही बाजूंची असती तर सही केली असती." त्यांतील एक जण नम्रपणे म्हणाला, "सर, आपणच वर्गात बर्क शिकविताना म्हणाला होतात की, अन्याय पाहून शैलीचे दोष काढीत बसणारा माणूस अर्धा अन्यायाच्या बाजूचा असतो." मी हसून विषय बदलला. ते चहा घेऊन गेले. निवेदनावर माझी सही झाली नाही.

तो प्रसंग मनातून जाईना. मी तटस्थ राहिलो होतो की केवळ अंग चोरले होते, हे मला ठरवावयाचे होते. आणि पेशाने वाचक असल्यामुळे मी ते जुन्या ग्रंथांस विचारले.

(२)

पहिला ग्रंथ आपल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणारा आहे, आणि म्हणूनच तो प्रथम घेतो. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे 'महाराष्ट्र पुराण' हे काव्य अठराव्या शतकाच्या मध्यास रचले गेले. त्याचा पहिला भाग तेवढा आज उपलब्ध आहे. नाव वाचून मराठी माणसाची छाती फुगावी, पण आत आहे ती बंगालवर चालून गेलेल्या मराठी घोडेस्वारांच्या, म्हणजे बंगाली लोक ज्यांना 'बर्गी' म्हणत त्यांच्या, अत्याचारांची कहाणी. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, यांनी १७४२ साली बंगालवर स्वारी केली. गंगाराम सांगतो की गावे जाळली गेली, माणसांचे नाककान कापले गेले, स्त्रियांची अब्रू लुटली गेली. पळून जाणाऱ्या लोकांचे त्याने केलेले वर्णन विशेष ध्यानात राहते: ब्राह्मण पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन, प्रत्येक जातीचा माणूस आपापल्या धंद्याचे साधन उराशी धरून पळत आहे. कवीने येथे आक्रोश केलेला नाही. नुसती यादी दिली आहे. युद्धगुन्ह्याच्या आरोपपत्राला हेच साधे प्रमाण हवे असते.

या काव्याची रचनाही विचार करण्याजोगी आहे. पापाचा भार असह्य झाल्याने पृथ्वी गाऱ्हाणे घेऊन जाते, शिव नंदीकरवी शाहूराजाच्या मनात प्रेरणा घालतो, आणि मराठे जणू दैवी दंडच म्हणून बंगालात येतात. पुढे हे दंड करणारेच गोरगरिबांस आणि स्त्रियांस छळू लागतात, तेव्हा देवी त्यांच्यावर उलटते. दुसऱ्याच्या पापाचे शासन करण्याचा अधिकार मिळाला म्हणून स्वतःचे पाप पुण्य होत नाही, हा धडा त्या कवीने हेगच्या न्यायालयाच्या अडीचशे वर्षे आधी देऊन ठेवला.

आपल्या इतिहासलेखनाने या काव्याकडे कसे पाहिले? पराक्रमाच्या नकाशात कटकपर्यंतच्या सीमा आपण अभिमानाने दाखवितो. बंगालातील आया मुलांना निजविताना बर्गींची भीती घालीत, ही गोष्ट तळटीपेत जाते. बंगाली कवी पक्षपाती असणार, असे म्हणून पुष्कळदा विषय संपविला जातो. पण त्याला जोखण्याचे माप आपल्याच घरात आहे. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले प्रसिद्ध पत्र काय सांगते? रयतेच्या घरातून दाणा, गवत, भाजीपाला यांतले काहीही जबरदस्तीने घ्यावयाचे नाही. तसे केलेत तर लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. युद्धाच्या काळातही सामान्य रयतेस हात लावू नये, हा दंडक आम्हांस जिनीव्हाहून आयात करावा लागला नाही. मग त्याच दंडकाने भास्करपंतांची फौज दोषी ठरत असेल, तर ते कबूल करण्यात मराठी माणसाला कसला कमीपणा?

आणि त्या अपराधाचे शासन कसे झाले? ३१ मार्च १७४४ रोजी नबाब अलीवर्दीखानाने मनकरा येथे तहाच्या बोलण्यास बोलावून भास्करपंतांस आणि त्यांच्याबरोबरच्या सरदारांस दगा देऊन मारले. संहार करणाऱ्याचा दगलबाजीने वध झाला. त्यात न्याय कोठे झाला? कोणाची साक्ष झाली नाही, कोणाचा अपराध नोंदला गेला नाही, आणि सूडाने पेटलेल्या फौजा पुन्हा बंगालवर आल्या. भोगले ते पुन्हा त्याच रयतेने. न्यायालय का हवे, याचे याहून सरळ उत्तर मला ठाऊक नाही.

(३)

इंग्रजी घेऊन पदवी मिळविणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनावर या प्रकारच्या वाङ्मयाचा पहिला ठसा बर्कने उमटविलेला असतो. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगाची सुरुवात करताना १७८८ च्या फेब्रुवारीत तो कित्येक दिवस बोलत होता. अक्षांश-रेखांश बदलले म्हणून नीतीचे नियम बदलत नाहीत, हा त्याचा सिद्धांत आजच्या सगळ्या आंतरराष्ट्रीय न्यायाचा पाया आहे. परंतु आरोप म्हणून त्या भाषणांत एक मोठे वैगुण्य आहे. बर्कला आपल्या वाक्यांचे वेड लागते. पुराव्याच्या दोरीवर बसेल त्याहून अधिक अलंकार तो टांगतो, आणि दोरी तुटते. सात वर्षे खटला चालून २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. सुटकेची कारणे अनेक होती. पण आरोप करणाऱ्याची वाणी आरोपापेक्षा मोठी झाली की ऐकणारा आरोपीविषयी कळवळू लागतो, हे त्यांतील एक असावे.

याच्या अगदी उलट टोकाची कृती म्हणजे २५ मार्च १९२० रोजी प्रसिद्ध झालेला काँग्रेसच्या पंजाब चौकशी समितीचा अहवाल. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले मुकुंदराव जयकर अशा चौघांच्या त्यावर सह्या आहेत. मोतीलाल नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष निवडले गेल्यामुळे त्यांच्या जागी मुंबईचे बॅरिस्टर जयकर गेले. समितीने १,७०० हून अधिक साक्षीदारांची निवेदने तपासली आणि त्यांतील सुमारे ६५० प्रसिद्धीसाठी निवडली. ज्या साक्षीबद्दल शंका आली ती गाळावयाची, हा गांधीजींचा आग्रह होता. अहवालात जाणूनबुजून केलेली एकही अतिशयोक्ती नाही, असे त्यांनी पुढे आत्मकथेत समाधानाने नमूद केले.

साहित्याचा विद्यार्थी म्हणून या अहवालाचे मला वाटणारे मोल त्याच्या संयमात आहे. विषय कोणता? १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत सुमारे दहा मिनिटांत झाडलेल्या १,६५० गोळ्या. सरकारी हंटर समितीच्याच हिशेबाने ३७९ मृत्यू, आणि काँग्रेसच्या अंदाजाने सुमारे हजार. त्यानंतर अमृतसरच्या एका गल्लीतून माणसांना पोटावर सरपटत जावयास लावणारा हुकूम. बर्कच्या हाती ही सामग्री पडती तर पार्लमेंटाचे छत उडाले असते. गांधी-जयकरांनी ती साक्षीदारांच्या तोंडी, साध्या वाक्यांत ठेवली आहे. ओड्वायर, डायर इत्यादी अधिकाऱ्यांवर खटले भरावेत असेही त्यांनी मागितले नाही. त्यांना जबाबदारीच्या जागांवरून दूर करा, एवढेच मागितले. पुरावा अफाट आणि मागणी मोजकी, असा हा अहवाल आहे.

मात्र येथे मला त्या थोर पुरुषांशी मतभेद नोंदवावासा वाटतो. मागणी मोजकी ठेवण्यात औदार्य होते, पण परिणाम काय झाला? १९१९ च्या सप्टेंबरातच केंद्रीय विधिमंडळाने अधिकाऱ्यांस संरक्षण देणारा कायदा करून टाकला होता. १९२० च्या जुलैत हाउस ऑफ लॉर्ड्सने १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरलाच अन्याय झाल्याचा ठराव केला. ओड्वायर न्यायालयात उभा राहिला तो आरोपी म्हणून नव्हे, फिर्यादी म्हणून: सर शंकरन नायर यांच्यावर त्याने लंडनमध्ये बेअब्रूचा दावा लावला आणि १९२४ साली तो जिंकला. ज्याला कोणी कधी आरोपी म्हणून प्रश्न विचारला नाही, त्याला १३ मार्च १९४० रोजी कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगाच्या पिस्तुलाने गाठले. मनकऱ्याचीच ही पुनरावृत्ती. क्षमा हा पीडिताचा अधिकार आहे. पण सुनावणीच झाली नाही तर ती क्षमा आहे की केवळ निरुपाय, हे इतिहासाला ओळखता येत नाही.

आता याच घटनांच्या शेजारी एक तारीख ठेवून पाहावी. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. त्याच्या २२७ व्या कलमाने जर्मनीच्या माजी कैसरला आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे उभे करण्याचे ठरले. हिंदुस्थानातर्फे त्या तहावर माँटेग्यू साहेब आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या. म्हणजे आंतरराष्ट्रीय नीती आणि करारांचे पावित्र्य यांविरुद्धच्या अपराधाबद्दल कैसरवर खटला भरा, असे आपल्या देशाच्या नावाने जगाला सांगितले गेले, आणि त्या वेळी पंजाबातील लष्करी कायदा उठून, तोही रेल्वेच्या हद्दी वगळून, महिनासुद्धा झाला नव्हता! ही विसंगती हंटर समितीच्या हिंदी सभासदांच्या नजरेतून सुटली नाही. सर चिमणलाल सेटलवाड प्रभृतींच्या भिन्नमतपत्रिकेत, लष्करी गरजेची ही सबब प्रशियन सेनानीही आपल्या क्रूरतेच्या समर्थनार्थ पुढे करीत आले आहेत, अशा आशयाची तुलना आहे. राज्यकर्त्यांच्या मापाने राज्यकर्त्यांनाच मोजण्याचा हा प्रकार होता. पुढे हॉलंडने कैसरला स्वाधीन करण्याचे नाकारले. १९४१ साली तो तेथेच मरण पावला.

(४)

आता मी माझ्या स्वतःच्या दुखण्यापाशी येतो, कारण सही नाकारताना माझ्या मनात ज्या ग्रंथाचा आधार होता तो हाच: न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे टोकियो येथील निकालपत्र.

१९४६ च्या मे महिन्यात जपानी नेत्यांवरील खटला टोकियोत सुरू झाला. त्याच साली शांतारामबापूंचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट आला. चीनमधील जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी देह ठेवणाऱ्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांमुळे जपानी आक्रमण ही आपल्याला परकी गोष्ट राहिली नव्हती. आणि इकडे अकरा न्यायाधीशांपैकी एकट्या हिंदी न्यायाधीशाने सर्व आरोपींस सर्व आरोपांतून मुक्त करावे असे मत दिले. १९४८ च्या नोव्हेंबरात बहुमताने पंचवीस आरोपी दोषी ठरले आणि सातांस फाशीची शिक्षा झाली. पालांचे भिन्न मत बाराशेहून अधिक पानांचे आहे.

त्यातील युक्तिवादाचे बळ नाकारण्यात अर्थ नाही. आक्रमक युद्ध हा त्या वेळच्या कायद्याने व्यक्तीचा गुन्हा होता काय? जेत्यांनी जितांसाठी मागाहून कायदा करावा काय? आशियावर शतकभर राज्य करणाऱ्या सत्तांनी आशियातील साम्राज्यतृष्णेचा न्याय करावा काय? अणुबाँबचा हुकूम देणाऱ्यांना कोणता पिंजरा? हे प्रश्न कोणीतरी त्या न्यायासनावरूनच विचारणे अवश्य होते, आणि ते एका हिंदी माणसाने विचारले याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. पालांची शैलीही प्रश्नांना साजेशी आहे: संथ, कंटाळवाणी म्हणावी इतकी सविस्तर, उद्गारचिन्हाला थारा न देणारी.

पण हे निकालपत्र स्तुतीसाठी जितके वापरले जाते तितके वाचले जात नाही. नानकिंग येथे अत्याचार झाले नाहीत, असे पाल म्हणत नाहीत. प्रचाराची भर वजा घातली तरी अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, असेच ते म्हणतात. त्यांच्या मते सिद्ध झाली नाही ती पिंजऱ्यातील विशिष्ट आरोपींची जबाबदारी. हे बारीक अंतर वगळून जपानमधील जे लोक 'काही घडलेच नाही' असे म्हणू इच्छितात, त्यांनी पालांना आपले दैवत केले. २००५ साली टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात त्यांचे स्मारकही उभे राहिले. न्याय सर्वांना सारखा लागू करा, या म्हणण्याचा अर्थ वाचकांनी 'कोणालाच लावू नका' असा करून घेतला.

त्याच न्यायासनावर फिलिपाइन्सचे न्यायमूर्ती देल्फिन हारानिया बसले होते. बातानच्या मृत्युयात्रेतून ते स्वतः वाचलेले. पीडितानेच न्यायाधीश व्हावे काय, हा आक्षेप त्यांच्यावर रास्तपणे घेतला गेला. त्यांना शिक्षा सौम्य वाटल्या. मला या दोन आशियाई न्यायाधीशांची जोडी अर्थपूर्ण वाटते. पालांकडे तत्त्व आहे, हारानियांकडे आठवण आहे. तत्त्वाला आठवणीची साथ सुटली की त्याचे रूपांतर सबबीत होते, आणि आठवणीला तत्त्वाची साथ सुटली की सूडात. चांगल्या आरोपाला दोन्ही लागतात.

(५)

आपल्या राष्ट्राचा या बाबतीतला इतिहास पालांच्या निकालपत्राच्या समासात लिहिल्यासारखा आहे. १९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३,००० युद्धकैदी आपल्या हाती होते. त्यांपैकी १९५ जणांवर पूर्व बंगालातील अत्याचारांबद्दल खटले चालवावयाचे बांगलादेशाने ठरविले होते. पाकिस्तानने १९७३ साली त्याविरुद्ध हेगच्या जागतिक न्यायालयात धाव घेतली आणि मग दावा मागे घेतला. ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत त्रिपक्षीय करार होऊन ते १९५ जणही परत गेले. उपखंडाच्या शांततेसाठी ते आवश्यक होते, असे म्हणता येईल. पण बंगालच्या त्याच भूमीवर, गंगारामानंतर सव्वादोनशे वर्षांनी, पुन्हा एकदा साक्षी न होताच प्रकरण मिटले, हेही म्हटले पाहिजे.

१७ जुलै १९९८ रोजी रोम येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची सनद १२० विरुद्ध ७ मतांनी संमत झाली. २१ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत भारत होता. सुरक्षा समितीला दिलेले विशेष अधिकार, अण्वस्त्रांच्या वापराचा गुन्ह्यांत न झालेला समावेश, दहशतवादाचे वगळणे, हे आपले आक्षेप पोकळ नव्हते. पालांचाच आवाज त्यांत ऐकू येतो. तथापि २०१५ च्या ऑक्टोबरात, ज्यांच्यावर त्या न्यायालयाचा हुकूम होता ते सुदानचे अध्यक्ष बशीर दिल्लीच्या परिषदेस येऊन सन्मानाने परत गेले, तेव्हा दारफूरच्या निर्वासिताला आपल्या आक्षेपांची सूक्ष्मता कशी समजावी? आपल्याकडे १९६० चा जिनीव्हा करारांचा कायदा आहे. त्या करारांचा गंभीर भंग कोणीही, कोठेही केला तरी येथे खटला चालू शकेल, अशी त्यात सोय आहे. पण तक्रार सरकारनेच केली पाहिजे. दार आहे, किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे.

(६)

मग निवेदनाचे काय? विद्यार्थ्यांस उत्तर देऊन बसलो, त्यानंतर मी मूळ हुकूम काय होता ते नीट वाचले. २१ नोव्हेंबर २०२४ या एकाच दिवशी त्या न्यायालयाने इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्ध व माजी संरक्षणमंत्र्यांविरुद्ध हुकूम काढले, तसाच हमासच्या लष्करी प्रमुखाविरुद्धही काढला होता. माझ्या प्रश्नाचे उत्तर मी तो विचारण्यापूर्वीच दिले गेले होते. मुलांचे निवेदन एकांगी होते हे खरे. पण जे न्यायासन ते मागत होते ते एकांगी नव्हते. मी पालांचा आव आणून हारानियांची आठवण टाळली. माझ्या हातात लाल पेन होते; एक वाक्य वाढवा म्हणणे अवघड नव्हते. मी शुद्धलेखन तपासले.

या वाचनातून अशा लेखनाला लावावयाच्या तीन कसोट्या मला सुचतात. पुरावा शब्दांपेक्षा जड असावा, हे पंजाबच्या अहवालाने शिकविले. स्वतःच्या पक्षालाही तेच माप लागावे, हे गंगारामाच्या काव्याने, विशेषतः मराठी वाचकाला, शिकवावे. आणि मागणी सुनावणीची असावी, शिक्षेची नव्हे. अटकेचा हुकूम म्हणजे अपराधाची सिद्धी नव्हे, आणि आरोपीला बोलू देणारे न्यायासन मागणे हीच मनकरा आणि कॅक्स्टन हॉल टाळण्याची वाट आहे. पण या कसोट्या आरोप सुधारण्यासाठी आहेत, मोडीत काढण्यासाठी नाहीत. सर्व अपराधी एकाच दिवशी पकडले जातील तोवर एकालाही पकडू नये, असे आपण गावच्या चोरीबद्दल म्हणत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरूंसह काँग्रेसचे नेते खटल्यावाचून बंदिवासात होते. सुनावणीवाचून ठेवलेला माणूस काय भोगतो हे ज्या प्रदेशाने पाहिले आहे, त्याने सुनावणीचे मोल सर्वांसाठी ओळखावे, आरोपीसाठी आणि मेलेल्यांसाठीही.

त्या दोन विद्यार्थ्यांना मी निरोप धाडला आहे. निवेदन अजून जवळ असेल तर घेऊन या. एक वाक्य वाढवावयाचे आहे, आणि खाली माझे नाव घालावयाचे आहे.